मिलिंदा, तुझं पुस्तक मला आवडलं नव्हतं

मिलिंदा, मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. पण तू माझ्यावर जिवंतपणी घेतलास, तेव्हा आता फिट्टंफाट. तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाहून आत्ता घरी आलो, चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ लिहायला बसलोय. बायको म्हणायली, "चहा तरी घ्या." म्हणलं, आधी ह्या माणसाशी बोलून घेतो. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि कपावर बशी झाकून ठेवली.

संशय हा माझा धंदाच आहे, तुला माहीत आहे. पिंगळीच्या वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून बसलोय. परत आलेलं पुस्तक मी आधी झटकतो, मग पानं मोजतो, मग वाचकाच्या बोटांकडं बघतो. कुणी हळदीच्या हातानं पान उलटतं, कुणी शेवटचं पान फाडून नेतं आणि "आलं तसंच होतं" म्हणून डोळ्यांत डोळे घालून सांगतं. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हसायचास. "मन्मथ्या, तू वाचकाला पुस्तक द्यायलास का जामिनावर सोडायलास?"

तुझ्यावर मात्र मी कधी संशय घेतला नव्हता. चौथीपासून एका बाकावरचे आपण. तू साखर कारखान्यात बॉयलरवर लागलास, मी पुस्तकांवर. गळीत हंगाम संपून कारखाना थंड झाला, की तू वाचनालयात मुक्कामालाच यायचास. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर हजर. वाचायचास आणि तोंडावर सांगायचास, "हे फालतू हाय. हे बरं हाय. ह्या बाबाला काय बी म्हायती न्हाई, निस्तं पानं भरायलाय." समितीच्या बैठकीत पुस्तकं निवडताना मी तुझीच मतं माझी म्हणून खपवत होतो. आज कबूल करतो.

येलदरीची गोष्ट आठवते? तिशीत असताना मला लेखक व्हायचा झटका आला होता. सत्तर पानांची कथा लिहून मी तुला दिली आणि आपण धरणावर गेलो. तू तळलेले मासे खायलास, मी घरची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. मासे संपवलेस, हात धुतलेस, पँटीला पुसलेस आणि म्हणालास, "मन्मथ्या, तुला माणसं दिसत न्हाईत, पुस्तकं दिसतात. लिहू नको. वाचनालय सांभाळ, त्यात तुझा हात कुणी धरणार न्हाई." पंधरा दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. सोळाव्या दिवशी ती सत्तर पानं बंबात घातली आणि पाणी छान तापलं. तू तेव्हा खरं बोललास म्हणून मी आज धड ग्रंथपाल तरी आहे. ह्याचे आभार मी तुझे कधी मानले नाहीत. मानतो.

आता तुझ्या पुस्तकाकडं येतो. टाळत होतो, पण येतो.

मागच्या उन्हाळ्यात तू ते बाड माझ्या टेबलावर आदळलंस. वर लाल पेनानं नाव, 'पितळी पंखांची टोळी'. कुमारवयातल्या पोरांसाठी कादंबरी. "ह्याला स्टीमपंक म्हणतात," तू म्हणालास. "विजेचा शोधच लागला न्हाई, समदं जग वाफेवर चालायलंय, असं धरून चालायचं. गाड्या वाफेच्या, घड्याळं वाफेची, विमानं वाफेची." मी मनात म्हणलं, वा रे पठ्ठ्या! मराठीत वाफेवर लिहायचा हक्क कुणाला असेल तर तो बावीस वर्षं बॉयलरपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला. दोन दिवस वाचनालय दुपारीच बंद केलं आणि वाचून काढलं.

वाचता वाचता माझा चेहरा पडत गेला.

लोहगर्भ नावाचं शहर. वर राहतात ते चकचकीत, खाली नळ्यांच्या जाळ्यात राहतात ते गंजके. गंजक्यांच्या अंगाला कुठं ना कुठं पितळेचा तुकडा जोडलेला, कुणाचा हात, कुणाचा कान, म्हणून वरच्यांनी त्यांना वेशीबाहेर काढलेलं. नायिका एरा, सोळा वर्षांची. पितळी हाताची लाज वाटते म्हणून हातमोजा घालून फिरते. इथवर मी खुशीत होतो. मग उडती जहाजं आली. गॉगल आले. टोपीवर दातेरी चाकं आली. टोपीवर चाकं कशाला रे? टोपीला कुठं जायचं होतं? आणि शेवटी एरा आरसेमहालात जाते, हातमोजा काढते, 'मी आहे तशीच सुंदर आहे' म्हणते आणि शहराचा थोरला दरवाजा आपोआप उघडतो. वरचे लोक टाळ्या वाजवतात. समाप्त.

आपोआप! मिलिंदा, हे तू लिहिलंस? परभणीच्या होस्टेलात तुझ्या पोरीला, प्रज्ञाला, आडनाव विचारून झाल्यावर दोन पोरींनी खोली बदलून मागितली होती, त्याला तेव्हा किती दिवस झाले होते? प्रज्ञानं आरशात बघून स्वतःला सुंदर म्हणलं असतं तर त्या पोरी टाळ्या वाजवत परत आल्या असत्या का? बहिष्कार घालणारा एक, आणि सुधारायचं मात्र ज्याच्यावर घातला त्यानं, हा कुठला न्याय? मला हे सगळं तुला विचारायचं होतं. ओठांवर होतं.

पण पुस्तक तू प्रज्ञासाठी लिहिलं होतंस. तिनं मान वर करून चालावं म्हणून, हंगामातल्या सुट्ट्या घालवून लिहिलं होतंस. तू समोर बसलास, दोन्ही हात मांडीखाली दाबून, शाळेत निकालाच्या दिवशी बसायचास तसा. "कशी वाटली?"

मी म्हणलो, "छान."

मग तू पाठपृष्ठासाठी दोन ओळी मागितल्यास. मी लिहिलं, 'मराठी कुमारसाहित्याला नवी दिशा देणारी कलाकृती.' कसली डोंबलाची दिशा! ते वाक्य लिहून उठलो तर मला चष्मा कुठं ठेवला ते सापडेना. पुस्तक छापून आलं, आपल्याच वाचनालयात प्रकाशन झालं, मुख्याध्यापक छान म्हणाले, सरपंच छान म्हणाले, पेढे छान होते. एकानंही पुस्तक उघडलं नव्हतं. मी उघडलेलं, त्यामुळं माझं छान सगळ्यांत मोठ्यानं निघालं.

आपल्या खिडकीशी दोरीनं बांधलेली अभिप्राय वही आहे. पुस्तक वाचून झालं की ज्याला वाटेल त्यानं लिहावं, नाव घालायची सक्ती नाही. ती सूटही तूच सुचवलेली, पोरं मोकळी लिहितील म्हणून. दसऱ्यानंतर तुमच्या कारखान्याचे बॉयलर पेटले आणि त्याच आठवड्यात वहीत एक अभिप्राय आला. पान माझ्यासमोर आहे, जसंच्या तसं उतरवतो.

'ही कादंबरी फसली आहे. लेखकाला वाफ माहीत आहे, पण त्याने ती लिहिली नाही, सिनेमातली लिहिली. आरशात बघून दरवाजे उघडत असते तर आमच्या आजोबांनी आरसेच घेतले असते. मागच्या बाजूला ज्यांनी स्तुती छापली आहे, त्यांनी पुस्तक वाचलं नसावं, किंवा वाचून खोटं बोलले असावेत.'

कोण असेल? अक्षर डावीकडं झुकलेलं, अनोळखी. पहिला संशय चित्रकलेच्या मास्तरवर, मुखपृष्ठाचं काम त्याला दिलं नव्हतं. दुसरा पेडगावच्या प्राध्यापकावर. त्याच्या कवितासंग्रहाला मी त्याच्या तोंडावर 'पोत्यानं शब्द, मुठीनं अर्थ' म्हणलो होतो, तेव्हा तो दबा धरून बसलाच असणार. देवघेवीच्या रजिस्टरातल्या सह्या काढून दोन दिवस अक्षर ताडून बघत बसलो. बायको म्हणायली, "पोलिसात का न्हाई गेलात?" एवढी चिडचिड कशाची होती, आता कळतं. त्यातला शब्द न् शब्द माझ्या मनातला होता. कुणीतरी माझ्या डोक्यातून चोरून वहीत लिहिला होता.

तिसऱ्या दिवशी मी ते पान फाडलं. पानं फाडणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या आणि स्वतः पट्टी लावून, दोऱ्यापर्यंत, सफाईनं फाडलं. ड्रॉवरमध्ये शिक्क्यांच्या पेटीखाली ठेवलं. तुझ्या नजरेस पडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी तू आलास. खुर्चीवर न बसता सरळ खिडकीशी गेलास, वही उचललीस, पानं उलटलीस, दोऱ्यापाशी बोट फिरवलंस.

"वही बारीक झाली की रे."

"पोरं फाडतात," मी म्हणलं. "काय करावं ह्या पोरांचं."

"हौ का," तू म्हणालास. अर्धा कप चहा घेतलास. अर्धा तसाच ठेवलास.

त्या दिवसापासून तू मला 'तुमी' म्हणायला लागलास. "ग्रंथपालसाहेब, हे पुस्तक जमा करून घ्या. तुमी आहात ना रविवारी?" चाळीस वर्षं मन्मथ्या म्हणणारा माणूस! मला वाटलं, लेखक झाला म्हणून माजला. मग वाटलं, सुनंदावहिनींनी काही कान भरले असतील. मग वाटलं, प्राध्यापकानं काही सांगितलं असेल. हंगाम असाच सरत आला. साप्ताहिक सुट्टीला तू यायचास, उभ्या उभ्या पुस्तक बदलायचास, निघायचास. मीही ताठलो. म्हणलं, तू तुमी तर मी पण तुमी. दोन म्हातारपणाकडं झुकलेली माणसं एकमेकांना अहोजाहो करायलीत आणि कोपऱ्यातली खुर्ची रिकामी, असा सगळा तमाशा.

तुझा शेवटचा फेरा मात्र वेगळा होता. त्या दिवशी तू बसलास. म्हणालास, "चौथीचे गुरुजी आठवतात का?"

मी म्हणलं, "आठवतात की. माझा डावा कान अजून लांब आहे त्यांच्यामुळं. तू नशीबवान, तुझा कधी पिळला नाही."

"चौथी ते सातवी, एकदाबी न्हाई," तू म्हणालास. "पाढे चुकले तरी न्हाई, दांड्या मारल्या तरी न्हाई. समद्या वर्गाचे कान लाल व्हायचे, माझे तसेच. मी घरी येऊन आईला सांगायचो, गुरुजी माझे लाड करतात. आई काही बोलायची न्हाई. लय उशिरा कळलं मला. त्यांना माझ्या कानाला हात लावायचा नव्हता."

आणि तू माझ्याकडं बघत राहिलास. मी म्हणलं, "जाऊ दे रे, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. चहा सांगू?" तू म्हणालास, "नको. शिफ्ट हाय." आणि गेलास. पुढच्या आठवड्यात, शिफ्ट संपवून पुढच्या माणसाला चार्ज देऊन, गाडीपाशी उभा होतास तिथंच कोसळलास. छाती धरायलाही वेळ मिळाला नाही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात बसलो होतो. तुझ्या जोडीचे गफूरभाई माझ्या शेजारी येऊन टेकले. बावीस वर्षं तुमची जोडी एका बॉयलरवर, मी त्यांना चारदोनदाच पाहिलेलं. हळूच म्हणाले, "ग्रंथपालसाब, एक बात बोलनी थी. तुम्हारी वही में वो मैं लिख्या था."

मला आधी कळेचना.

"मिलिंदभाई बोले, मैं कागज पे उतार लिया. फिर आके वही में लिख दिया. तुम अंदर कपाट में किताबां लगा रहे थे."

मिलिंदा! स्वतःच्या पुस्तकाला स्वतः शिव्या घालायच्या, त्याही दुसऱ्याच्या अक्षरात! मी गफूरभाईंचा हातच धरला. म्हणलं, कशासाठी? मग त्यांनी मला तुमची रीत सांगितली. बॉयलरला एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. पाणी आतून उकळत असतं, त्यामुळं काचेतली रेघ जराशी हलती राहते. ती हलायची थांबली, एका जागी गुमान उभी राहिली, की नवखा माणूस खूश होतो, वा, पातळी कशी पक्की आहे. जुना माणूस घाबरतो. वाट तुंबलेली असते आणि काच खोटं दाखवत असते. म्हणून प्रत्येक शिफ्टला खालचा कॉक उघडायचा, काच रिकामी करायची आणि पाणी परत येतं का ते बघायचं. ह्याला तुम्ही काच उडवणं म्हणता.

"मिलिंदभाई बोलते थे, मन्मथ की काच हलतीच नहीं गफूर. पहले हर किताब पे घंटा घंटा झगडता था. मेरी किताब आई, तो निस्ता छान, छान, छान. उडाके देखना पडता."

मी विचारलं, "आणि फाडलेलं पान बघितल्यावर काय म्हणाला?"

गफूरभाईंनी टोपी काढून परत घातली. "बोले, पानी वापस नहीं आया."

"मग अशा वेळी काय करतात बॉयलरवर?"

"आग निकालते, नहीं तो बॉयलर फट जाता. और क्या करते, साब."

म्हणजे ते 'तुमी' त्यासाठी होतं. तू आग काढून घेतली होतीस. तरी शेवटच्या फेऱ्याला तू पुन्हा एकदा येऊन बसलास, कानाची गोष्ट सांगितलीस, मला बोलायला एक वाट ठेवलीस. आणि मी मूर्खासारखं चहाचं विचारलं.

त्या दिवशी घरी येऊन मी ड्रॉवरमधलं पान काढलं आणि स्वतःवर संशय घ्यायला बसलो. सव्वीस वर्षं सगळ्यांवर घेतला, हाच एक गडी सुटला होता. प्राध्यापकाला मी सोडलं नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्यानं आत्मचरित्र लिहिलं, त्याची दोन पानं मी त्याच्यासमोर उभी काट मारून खोडली. आमच्या मठाच्या स्मरणिकेला मी भर सभेत रद्दी म्हणलो, स्वामींसमोर. लिंगायतात मी कुजकट तोंडाचा म्हणून प्रसिद्ध आहे. आणि तुझ्या पुस्तकाला मात्र छान. का? मैत्री होती म्हणून? मैत्री तर येलदरीलाही होती, तेव्हा तू मला सोडलं नाहीस. पोरीसाठी लिहिलेलं म्हणून? मेहुण्यानंही नातवासाठीच लिहिलं होतं. का माझ्या मनाच्या तळाशी कुठंतरी असं होतं, की ह्यांच्यातल्या माणसानं एवढं लिहिलं हेच पुष्कळ, ह्याला कशाला बोला? मिलिंदा, शपथेवर नाही म्हणायला मी तयार नाही. गुरुजींना मी आजवर शिव्या घालत आलो, कान लांब केला म्हणून. आता कुठल्या तोंडानं घालू?

तुमच्यात पुण्यानुमोदनाला पुस्तकं वाटतात, ती पद्धत मला लय आवडते. सुनंदावहिनींनी तुझंच पुस्तक वाटायचं ठरवलं. पलंगाखालून गठ्ठे काढले, फडक्यानं पुसले. मला म्हणाल्या, "भावजी, तुमीच बोला पुस्तकावर. तुमी त्याच्या पाठीवर लिवलंय." चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. खरं बोललो तर दुःखात बुडालेल्या बाईच्या तोंडावर मारल्यासारखं. खोटं बोललो तर तू दुसऱ्यांदा मेलास.

आज सकाळी मांडवात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. भन्तेंनी त्रिशरण, पंचशील दिलं. वरच्या तसबिरींच्या खाली तुझा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यात तू कुणावर तरी रागावलेला दिसतोस. प्रत्येकाच्या मांडीवर तुझं पुस्तक, बहुतेकांनी पालथं ठेवलेलं, म्हणजे जिकडं बघावं तिकडं माझंच वाक्य. नवी दिशा, नवी दिशा, नवी दिशा. माझं नाव पुकारलं. उठलो.

मी म्हणलो, "हे पुस्तक मला आवडलं नव्हतं. मी मिलिंदला खोटं सांगितलं. मागं छापलंय ते वाक्य खोटं आहे."

तुझे थोरले भाऊ ताडकन उठले. "ओ ग्रंथपाल! मयताच्या कार्यक्रमात ही काय रीत झाली? काही जनाची मनाची?" दोघंचौघं त्यांच्या मागं उभे राहिले. मला वाटलं, आता खाली ओढतात. भन्ते म्हणाले, "बसा. बोलू द्या त्यांना. सत्यच बोलायचं असतं हिथं." भाऊ बसले, पण कडेला टेकून, कधीही उठायच्या तयारीनं.

मग मी बोललो. तू एकदा मला कारखाना दाखवायला नेलं होतंस, ते सांगितलं. तिथं तू म्हणाला होतास की डोळ्याला दिसते ती खरी वाफ न्हाई, खरी कोरडी वाफ दिसतच न्हाई, नळीला चीर पडली तर काठीला फडकं बांधून पुढं धरायचं, फडकं फाटलं की समजायचं इथं हाय. हे माहीत असलेल्या माणसानं पानोपानी पांढरे ढग का लिहिले, असं मी विचारलं. दरवाजा आपोआप का उघडला, विचारलं. टोपीच्या चाकांचंही विचारलं, तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि वहिनींच्या तोंडावरही जरासं काही हललं.

आणि मग मी एकसष्टावं पान उघडलं. एराचा बाप, भट्टीवरचा. तो सबंध पुस्तकात एवढा एकदाच येतो. मी वाचलं: 'बाप भट्टीच्या दाराशी तळहात धरून उभा राहायचा. बोलायचा नाही. त्याच्या भुवया जळून गेलेल्या होत्या, म्हणून तो रागावलाय की हसतोय हे एराला कधी कळायचं नाही. ती त्याच्या हाताकडं बघून ओळखायची.' गफूरभाई पहिल्या रांगेत होते. त्यांनी स्वतःच्या भुवयांवरून, जिथं केस नाहीत तिथून, अंगठा फिरवला आणि मान खाली घातली.

मी म्हणलो, "ह्या ओळी मिलिंदच्या आहेत. पुस्तक ह्या बापाचं असायला पाहिजे होतं. मी तेव्हा बोललो असतो तर त्यानं लिहिलं असतं. त्याला लिहिता येत होतं." आणि खाली बसलो. टाळ्या नाहीत, काही नाही. खीर वाढायला सुरुवात झाली. तुझे भाऊ माझ्या पंगतीला बसले नाहीत. वहिनी स्वतः वाढायला आल्या आणि पत्रावळीवर पुरी दुसऱ्यांदा टाकली. तिचा अर्थ काय लावावा, मला अजून कळलेलं नाही.

हात धुवून आलो तर जरा हलकं वाटत होतं. खरं सांगतो, थोडासा स्वतःवर खूशही झालो होतो. केलं बुवा एकदाचं, असं. तेवढ्यात प्रज्ञा आली. अठराची झाली ना रे ती? उभी राहते तुझ्यासारखीच, एका पायावर भार देऊन.

"काका, ते पुस्तक मलाबी आवडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी बाड वाचून दुसऱ्याच दिवशी बाबांना सांगितलं."

मी चमकलो. "मग? काय म्हणाला?"

"हसले. माझ्या डोक्यात टपली मारली. म्हणले, चला, एकानं तरी वाचलं. आता मन्मथकाका काय म्हणतो बघू." तिनं ओढणीनं नाक पुसलं. आवाज चढला नाही, पण डोळे हलेनात. "वर्षभर ते तुमच्या तोंडाकडं बघत होते, काका. आज तुमी एवढ्या लोकांपुढं बोललात. त्यांना एकट्याला कामून न्हाई सांगितलं?"

मिलिंदा, उत्तर माझ्याकडं तयार होतं. 'पोरी, त्याचं मन मोडू नये म्हणून.' जिभेवर आलं होतं. तिला पटलंही असतं, आणि ती माझ्या पायाही पडली असती. ते मी दिलं नाही. दुसरं माझ्याकडं नव्हतं. मी तिच्यापुढं मान खाली घालून उभा राहिलो, आणि ती वाट बघत उभी राहिली.